खांडीचा पुढारी

कुलाबा जिल्ह्यात मी गेलो तो किल्ले पाहायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी किल्ल्यांपेक्षा चिखलाबद्दलच जास्त बोलणार आहे आणि वाचकाने मागाहून कुरकुर करू नये.

मी मुंबईतल्या एका कारखान्यात खातेप्रमुख. यंत्रांचे सुटे भाग बनवतो आम्ही. मूळचा वाईकडचा, म्हणजे समुद्र चित्रात पाहून वाढलेला. स्वराज्य येऊन दहा-एक वर्षे झाली होती. गोरे साहेब बोटीत बसून गेले होते आणि त्यांच्या खुर्च्यांवर आपली माणसे जपून जपून टेकू लागली होती. आमच्या मोठ्या साहेबांना वाचनाचा नाद. कारखाना चालवणे म्हणजे मुलूख जिंकणे, तेव्हा मॅनेजरांनी जगज्जेत्यांचा अभ्यास करावा, असे त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचले. झाले! दिवाळीनंतर अधिकाऱ्यांच्या मेळाव्यात ‘जगज्जेत्यांकडून मॅनेजरने काय शिकावे’ या विषयावर मी बोलावे असा हुकूम निघाला. बोलणे रंगले तर वर्क्स मॅनेजरची खुर्ची माझी, हे त्यांनी तोंडाने सांगितले नाही, पण खुर्चीकडे पाहून सांगितले. पुस्तके वाचून माझे डोके आंबले तेव्हा मी आठवडाभराची रजा मागितली. म्हटले, जिथे आरमारे झुंजली तिथे जाऊन बसावे, काही सुचेल.

रजा मिळाली, पण शेपटाला एक काम बांधून मिळाली. माझ्या खात्यातली अकरा माणसे एकाच दिवशी, रजा न मागता, काम टाकून गेली होती. अकराही जण खारेपाटातल्या मोठीखार नावाच्या एकाच गावची. पहारेकऱ्याने सांगितले ते आणखी विचित्र होते. त्या सकाळी कोणीतरी फडक्यात बांधलेला ओल्या चिखलाचा गोळा फाटकाशी आणून दिला. तो हिरामणच्या टेबलावर पोचला. हिरामण हा आमचा सगळ्यांत चांगला फिटर. त्याने गोळ्यावर हात ठेवला, यंत्र बंद केले, हात धुतले आणि चालू लागला. मग बाकीचे दहा एकामागून एक तसेच. कोणी कोणाशी अवाक्षर बोलले नाही.

“हा कट आहे,” मोठे साहेब म्हणाले. “कटाला पुढारी असतो.” त्यांनी माझ्या हाती एक कागद दिला. त्यावर ‘पुढाऱ्याचे नाव’ असे छापून पुढे रेघ ओढली होती. “त्याच बाजूला जाताय ना? एक नाव आणा. त्या एकाला काढू, दहांना ताकीद देऊन परत घेऊ. नाव नाही मिळालं तर अकराही गेले. सोमवारी सकाळी कागद माझ्या टेबलावर पाहिजे.”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. त्या अकरा थंड यंत्रांवरही झेंडू चढला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, खिशात तो कागद आणि हातात कोरी वही घेऊन मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. सीमोल्लंघनाला याहून चांगला मुहूर्त कोणता?

अलिबाग

मला जागेपणी स्वप्ने पाहायची खोड आहे. आई म्हणायची, याचा घास तोंडाशी असतो आणि हा असतो काशीला. रेवसच्या लाँचमध्ये मी ताडपत्रीवर टेकलो, ऊन अंगावर घेतले आणि तासाभरात दोनतीन लढाया जिंकल्या. क्षितिजावर खांदेरी-उंदेरी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. आजूबाजूला कोंबड्या, पेटारे, मुंबईहून सणाला घरी निघालेले लोक. मला मात्र शिडेच शिडे दिसत होती.

अलिबागेत उतरलो ते आठवले मास्तरांकडे. माझ्या एका सहकाऱ्याचे हे मामा. नारळी-पोफळीची वाडी आणि शाळेत इतिहास शिकवायचे. आमच्या देशावर पाहुणा आला की आधी चहा. इथे आधी विचारतात, “आंघोळ करता ना?” आणि उत्तराची वाट न बघता बैल रहाटाला जुंपतात. रहाटाच्या त्या करकर आवाजात, पोफळीच्या सावलीत, पन्हळीखाली मी किती वेळ बसलो कोण जाणे. नंतर केळीच्या पानावर वालाची उसळ, भात आणि नारळाच्या रसातल्या शेवया. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या माणसाला एवढा नारळ चढतो, हे मला माहीत नव्हते. डोळे मिटायला लागले.

मास्तरांनी हातावर आपट्याची पाने ठेवली आणि बजावले, “किल्ल्यात चालत जाता येईल, ओहोटी आहे. पण तीनच्या आत परत फिरा. भरती कोणासाठी थांबत नाही.”

कुलाबा किल्ल्यात त्या वेळी मी एकटाच होतो. बुरुजावर तोफेला पाठ टेकवून बसलो. समोर नुसते चमचमणारे पाणी. वही उघडली आणि सुबक अक्षरात लिहिले, ‘धडा पहिला : विजेत्याला वेळेचे भान असते.’ मग त्या वाक्याच्या आनंदात जी तंद्री लागली ती लाटेच्या आवाजाने मोडली. खाली पाहतो तो आल्या वाटेवर पाणीच पाणी.

मी धावत दरवाजाशी उतरलो. खडकांवरची कालवे, म्हणजे शिंपल्या, फोडून एक कोळीण परत निघाली होती, डोक्यावर टोपली. मला पाहून थबकली.

“कं सायब, किल्ला जिकलाव का?”

“जिंकला खरा. पण आता परत कसा जाऊ?”

“ज्यानं जिकला त्याला आमी का सांगू?” म्हणून ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “वाट गेली न्हाय, पान्याखाली हाय. पँट वर करा नि माजे पाठी या. मी पाय टाकीन तितंच पाय टाका.”

पँट वर करून उपयोग झाला नाही, कारण पाणी कमरेला लागले. एक बूट खडकाच्या फटीत कायमचा राहिला, दुसरा मीच काढून टाकला. वही मी डोक्यावर धरली होती. ती बाई सारा वेळ आपल्या जावयाच्या आळसाबद्दल बोलत होती, एकदाही खाली न पाहता. सूर्य कलला होता, पाणी तांबूस झाले होते, आणि मी कुठल्याशा परक्या बाईच्या पावलांवर पावले टाकत, अनवाणी, एका मोठ्या लखलखाटातून चाललो होतो. मला भीती वाटायला हवी होती. खरे सांगतो, लहानपणानंतर मी इतका सुखात कधी नव्हतो.

मुरूड

रेवदंड्याला खाडी तरीतून ओलांडली. कोर्लईचा डोंगर पाण्यात पाय सोडून बसला होता. मुरूडला पोचेपर्यंत नवी चप्पलही घेऊन झाली. दोन दिवस तिथे काढले आणि दोन्ही दिवस हसनमियाँच्या होडीतून जंजिऱ्याला गेलो. हसनमियाँ साठीचे, दाढी मेंदीने लाल केलेली, बोलणे सावकाश. शीड सोडले की ते सुकाणूला पाठ लावून डोळे मिटायचे. होडी आपली आपण जायची असे वाटायचे.

“हा किल्ला कधीच कसा पडला नाही?” मी विचारले.

“सगळ्यांनी हात लावून पाहिला, साहेब. मराठ्यांनी तर किनाऱ्यावरून दगड टाकत टाकत रस्ता करायला घेतला होता. अर्ध्यात राहिला. माझे अब्बा म्हणायचे, ते दगड अजून खाली आहेत.”

“पण का नाही पडला?”

“आत गोडं पाणी आहे ना. दोन मोठे तलाव. सभोवार खारं, आणि मधे गोडं. पाणी असलं की माणसाला घाई होत नाही.”

मी घाईघाईने ते वहीत उतरवले. पण माझे मन त्या दगडांत अडकले होते. होडीच्या कडेवरून वाकून मी हिरव्या पाण्यात पाहत राहिलो. हजारो माणसांनी एकेक धोंडा उचलून आणला असेल. कोणी मोजून, कोणी शिव्या देत, कोणी रात्रीच्या भाकरीचा विचार करत. त्यांना हुकूम देणारा इतिहासात आहे. ती माणसे मात्र पाण्याखाली आहेत असे मला उगाच वाटले, आणि ऊन असून अंगावर शहारा आला. हसनमियाँच्या घरी तांदळाची भाकरी आणि कोलंबी खाल्ली तेव्हा कुठे बरे वाटले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत वहीत सात धडे झाले होते. सगळे खणखणीत. शत्रू ओळखा, वेळ साधा, रसद राखा, एकाच तोंडाने हुकूम निघू द्या, असे. सातवा मला विशेष आवडला होता. ‘ज्या फौजेला पुढारी नाही ती फौज नव्हे, जत्रा होय.’ आता फक्त खिशातल्या कागदावरची रेघ भरायची राहिली होती.

मोठीखार

पोयनाडला बस सोडली आणि बांधावरून चालू लागलो. खारेपाट म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगणे कठीण. एका हाताला खाडी, तिवरांची झुडपे, चिखलात टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे. दुसऱ्या हाताला पिकत आलेले भात, अगदी पायाशी. आणि मधे हा मातीचा बांध, दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढा. भरतीला खाडीचे पाणी शेतापेक्षा वर असते. म्हणजे त्या वेळी या बांधावरून चालणाऱ्याच्या डाव्या पावलाशी समुद्र असणार आणि उजव्या हाताला, त्याहून खाली, भात. स्वप्नात दिसावे तसे ते सगळे जागच्या जागी उभे होते.

मैलभर गेल्यावर माणसे दिसली. सारा गाव चिखलात होता. बांधाला भगदाड पडले होते, बैलगाडी आडवी जाईल एवढे. खाजणातून, म्हणजे तिवरांच्या दलदलीतून, चिखल कापायचा, त्याचे गोळे हातोहात पुढे सरकवायचे, पेंढ्याचा थर, वर पुन्हा गोळे. बायका, पुरुष, म्हातारे, दोन ओळींत उभे. कोणी ओरडत नव्हते. मी उगाच मुकादम शोधत होतो.

हिरामण मला पाहून ओळीतून बाहेर आला. कमरेपर्यंत राखाडी.

“सायब, तुमी? एवढ्या लांब?”

“काय चाललंय हे, हिरामण?”

“खांड गेली, सायब. अमुशाच्या उधाणाला बांध फुटला. खालची शेतं गेली. वरची आतल्या बारक्या बांधानं वाचवली. पन शनवारी पुनव हाय. पुनवेचं उधाण तो बांध न्हाय झेलायचा. त्याच्या आत खांड बुजाय पायजे.”

खारे पाणी एकदा शेतात शिरले की तीन वर्षे तिथे भात होत नाही, हे त्याने मला पुढे सांगितले. त्या वेळी मी वेगळ्याच फेऱ्यात होतो.

“रजा का नाही मागितलीस?”

तो गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नसावा. “मयताला कोन रजा मागतं का, सायब? निरोप आला की उठायचं.”

“निरोप म्हणजे तो चिखल?”

“व्हय. खांड गेली की फुटल्या जागचा चिखल न्यायचा. ज्या ज्या गावात आपली मानसं हायेत तितं. तो बघितला की घरटी एकानं यायचं. याला आमच्यात जोळ म्हनतात. बोलाय लागत न्हाय.”

“पण पाठवला कोणी?”

“जो पयल्या लाँचला निघाला त्यानं नेला.”

“त्याला कोणी सांगितलं?”

हिरामणने खांडीकडे पाहिले. “हिनंच,” तो म्हणाला.

माझा मुक्काम त्याच्याच घरी पडला. कुडाची भिंत, सारवलेली पडवी. दिवस मावळायच्या आत त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली, आणि मी कागद बाहेर काढला. लपवण्यासारखे काही नव्हते. एक नाव दिले तर दहा वाचतील, नाही दिले तर अकराही जातील, हे मी स्पष्ट सांगितले. बाकीचे दहाही एव्हाना पडवीत येऊन बसले होते. मला वाटले, आता आरडाओरडा होईल. तसे काही झाले नाही. पाहुण्याची काहीतरी वस्तू हरवलीय, ती शोधून द्यायला हवी, अशा काळजीने सगळे विचार करू लागले.

“गोमाजी म्हातारा?” एक जण म्हणाला. “तो म्हनतो ‘पानी फिरलं’ नि आपन वर येतो.”

“त्याला चिखलात उतराय होत न्हाय म्हनून तो पानी बघतो. तो कसला पुढारी!”

“मग ठकूबाय? ती गानं धरते.”

“मी न्हाय गं बाय,” पडवीच्या कोपऱ्यातून ठकूबाईच म्हणाली. “मला गान्याबिगर काम व्हत न्हाय, म्हनून गाते.”

“पयला पेंढा कुनी आनला?”

यावर मोठा वाद झाला, कारण पहिला पेंढा तिघांनी आणला होता. हिरामणची आई शेवटी मला म्हणाली, “बाबा, पुढारी म्हंजे नक्की काय रं? आमाला सांग, म्हंजे शोधून दिऊ.” मी सात धड्यांचा धनी. मी वही उघडून पाने चाळू लागलो.

शुक्रवारी मी बांधावर नुसता उभा राहून पाहिले. तासभर. मग मला स्वतःची लाज वाटू लागली. काम न करणारा तिथे दुसरा कोणीच नव्हता, एका डोळ्याने अधू गोमाजीसुद्धा पाण्याकडे लक्ष ठेवून होता. मी ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या बाईने गोळा माझ्या हातात दिला. जड, थंडगार, खाऱ्या वासाचा. मी तो पुढे दिला. पुढचा आला. पहिले दोन माझ्या हातून निसटले आणि सारी ओळ हसली. “सायब, ल्हान पोर धरल्यावानी धरा,” ठकूबाई ओरडली. नंतर निसटले नाहीत. ठकूबाईचे गाणे, गोळ्यांची ती चपचप, तिवरांवरचे ऊन, यात माझी नेहमीची तंद्री लागली. पण या वेळी हात चालू होते. गोमाजी म्हणाला, “पानी फिरलं,” तेव्हा सगळ्यांबरोबर मीही वर चढलो, आणि आपण हुकूम पाळला असे मनात आलेसुद्धा नाही. पाणी फिरले होते, एवढेच.

शनिवारी सकाळी शेवटचा थर चढला. दुपारी बाराच्या पुढे उधाण यायचे होते. सारा गाव बांधावर ओळीने बसला, तोंडे खाडीकडे करून. मीही बसलो. खांडीजवळच्या माणसांनी तळवे ओल्या मातीवर टेकवले होते. आतून बांध सुटायला लागला तर आधी हाताला कळते, म्हणे. मीही तळवा टेकवला.

पाणी आले. लाटा नव्हत्या, आवाज नव्हता. खाडी नुसती फुगत गेली. तिवरांचे बुंधे गेले, फांद्या गेल्या, शेंडे तेवढे हिरवे ठिपके होऊन उरले. पाठीमागे, बुडालेल्या शेतांपलीकडे, पिवळे पडू लागलेले भात वाऱ्यावर सळसळत होते, समोर पाणी आमच्या पायांच्या बोटांशी आले, आणि मधे आम्ही. माझ्या तळव्याखाली माती थोडी हलल्यासारखी वाटली आणि मी तळवा आणखी घट्ट दाबला. माझा या गावाशी संबंध काय? पण त्या क्षणी मला कारखाना नको होता, खुर्ची नको होती, हा बांध तेवढा राहावा असे वाटत होते. मी देवाचे नाव घेतले.

पाणी थबकले. कितीतरी वेळ ते तसेच काठोकाठ उभे राहिले. मग गोमाजी म्हणाला, “पानी फिरलं.”

बायका रडल्या. हिरामणच्या आईने ओंजळभर खारे पाणी घेऊन बांधावर शिंपडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण मला धरमतरच्या लाँचपर्यंत पोचवायला आला. धक्क्यावर म्हणाला, “सायब, कागद काढा. माजं नाव लिवा.”

“पण तू पुढारी नाहीस.”

“न्हाय. पन कागदाला नाव लागतं ना? अकरा जनांत चौघांची शेतं खालची. ती गेली. तीन वर्सं भात न्हाय, त्यांना पगार पायजे. बाकीच्यांची पोरं ल्हान हायेत. माजं शेत वरचं, ते वाचलं. म्हंजे माजंच नाव बसतं.” त्याने हे फार विचारपूर्वक सांगितले, यंत्रात कोणता भाग कुठे बसतो हे सांगावे तसे. वर म्हणाला, “नि तुमी एवढ्या लांबून आलात. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?”

मी म्हणायला हवे होते, मी मोठ्या साहेबांशी बोलतो. मी म्हणायला हवे होते, जाईल तर माझी खुर्ची जाईल. लाँचचा भोंगा झाला. मी पेन काढले आणि त्याचे नाव लिहिले. अक्षर सुबक आले.

मुंबई

सोमवारी सकाळी कागद टेबलावर ठेवला. मोठे साहेब हसले. “पाहिलंत? पुढारी असतोच.”

मी सांगायला तोंड उघडले होते, हेही खरे. “तिथे एक बांध—” एवढे म्हणालो. ते सही करत होते. त्यांनी वर पाहिले नाही, आणि मी पुढचे बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे. त्या कागदापर्यंत मला हे माहीत नव्हते.

दहा जण ताकीद घेऊन कामावर आले. मला भेटले की पहिल्यासारखाच राम राम करत. माझे व्याख्यान फार रंगले. कुलाब्याची भरती, जंजिऱ्याचे गोडे पाणी, सातही धडे. सातव्याला टाळ्या पडल्या. खारेपाटाचा मी उल्लेख केला नाही. तिथे कोणी काही जिंकले नव्हते, मी काय सांगणार होतो? नव्या वर्षी खुर्ची मिळाली. बसायला चांगली आहे.

पण त्याआधी, मार्गशीर्षात एका रविवारी दुपारी दार वाजले. हिरामण उभा होता, खांद्यावर लहानसे पोते. त्याने ते उंबऱ्याच्या आत ठेवले.

“काय रे हे?”

“बांधाचा वाटा, सायब. जो जो खांडीवर उभा ऱ्हायला त्याला नव्या भाताची पायली. तुमी दोन दिस उभे होता.”

“हिरामण, मी हे कसं घेऊ? तुझी नोकरी मी घालवली.”

“नाव मीच सांगितलं होतं.” त्याने पोत्याची गाठ सारखी केली. “पन वाटा माघारी फिरवला तर त्याचा अर्थ, मानूस बांधावर नव्हताच. गावात तसं सांगू का?”

मी नाही म्हणालो. पोते दोन्ही हातांनी उचलून आत नेले. तो पाणी प्याला. आता मिठागरात जातो म्हणाला, आईचे गुडघे दुखतात म्हणाला, आणि धरमतरची लाँच चुकेल म्हणून लगेच उठला. जिन्याशी जाऊन त्याने मागे वळून हात जोडले.

बायकोने पोत्याचे तोंड सोडून तांदूळ हातावर घेतले. लालसर, जाडे, नव्या भाताच्या वासाचे. “किती छान आहेत! कोण होता तो?”

मी तिला सगळे सांगितले, रेवसच्या लाँचपासून. ती ऐकत गेली. नावापर्यंत आलो तेव्हा तिने हातातले तांदूळ हळूच पोत्यात परत सोडले.

“आणि तो दारात उभा असताना,” तिने विचारले, “तुम्ही त्याला जेवून जा म्हणालात का?”

मी म्हणालो नव्हतो.